माशांचा पंचनामा

शेणाची मला कधी किळस वाटली नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात माझे लहानपण शेणातच गेले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पहाटे आई गोठा झाडून बुट्टी भरी. निम्म्या शेणाच्या शेणी थापी आणि निम्मे उकिरड्यावर टाकी. रस्त्यात कुणाच्या बैलाने पो टाकला, तर आधी पाहणारी बाई त्यावर काडी खोवून ठेवी. काडी म्हणजे मालकी. ती काडी कुणी काढून टाकली म्हणून दोन शेजारणींनी एकमेकींची सात पिढ्यांची उणीदुणी काढलेली मी ऐकली आहेत. दिवाळीत पाडव्याला अंगणात शेणाचेच पांडव मांडले जात आणि त्यांच्या डोक्यावर झेंडूची फुले खोवली जात. गाडीभर खत शेताला पडले की वडिलांचा चेहरा त्या दिवशी उजळलेला असे. शेण कमी पडते हे आम्हांला ठाऊक होते. ते जास्तही होऊ शकते, ही कल्पना माझ्या डोक्यात सत्तरी ओलांडेपर्यंत आलेली नव्हती.

ती आणून दिली अमेरिकेने.

आमचे चिरंजीव आयोवा राज्यात वॉटर्लू नावाच्या गावी ट्रॅक्टरच्या कारखान्यात नोकरीला आहेत. शेतकऱ्याच्या नातवाने ट्रॅक्टर करावेत आणि त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे, याची मौज आम्ही दोघे नवराबायको अधूनमधून करीत असतो. २०२४ च्या दिवाळीला त्याने आम्हांला बोलावून घेतले. आयोवा म्हणजे मक्याचा आणि डुकरांचा प्रांत. माणसे सुमारे ३२ लाख आणि डुकरे २ कोटींहून अधिक! पण त्या राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात डोंगरउतार आहेत, झऱ्यांचे थंड ओढे आहेत, आणि दुभत्या गाईही पुष्कळ आहेत.

वसुबारस त्या वर्षी २८ ऑक्टोबरला, सोमवारी आली. आमच्या सौभाग्यवतींचा वसुबारसेचा उपास असतो. 'गाय दिसल्याशिवाय मी जेवणार नाही,' असे त्यांनी जाहीर केल्यावर चिरंजीवांनी मुकाट्याने रजा काढली. त्याच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचे वडील दूधधंदा करीत. त्यांच्या गोठ्यावर आम्हांला तासाभराच्या अंतरावर नेले. गोठा कसला, आगगाडीचे स्टेशनच ते! चारशेच्या वर काळ्यापांढऱ्या गाई दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला. मंडळींनी त्यातल्या एकीला कुंकू लावले. आरतीचे ताट फिरत असताना त्या म्हाताऱ्या अमेरिकन शेतकऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. भला माणूस. पंचाहत्तरीचा असेल. बोटे माझ्या वडिलांसारखीच, सांध्यांत सुजलेली.

मी त्यांना माझा नेहमीचा प्रश्न विचारला: 'शेणाचे काय करता?' दुभती गाय दिवसाला पन्नास-साठ किलो शेण-मूत टाकते. चारशे गाईंचे रोजचे वीस-चोवीस टन झाले. ते हसले आणि म्हणाले, 'आमचा खरा धंदा तोच आहे, दूध आपले वरकड.' गोठ्यातले सगळे धुऊन एका प्रचंड हौदात जाते, तिथे ते पातळ काला होऊन महिनोन् महिने साठते, आणि मका निघाला की रानात जाते. त्या दिवशी नेमके तेच काम चालू होते. हौदापाशी पंप लावलेला होता. त्याला जोडलेला मांडीएवढा जाड रबरी नळ मैलभर लांब रानात पसरला होता, आणि त्याचे दुसरे टोक ट्रॅक्टर ओढीत होता. ट्रॅक्टरमागच्या फाळांतून काला थेट जमिनीत पेरला जात होता. हे काम करणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो, त्यासाठी शिकून यावे लागते. मी मनात म्हटले, वडिलांना हे दाखवायला हवे होते.

दुपारी आम्ही ओसरीवर कॉफी घेत असताना ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. म्हातारबाबा फोन कानाला लावूनच उठले. नळाचा एक सांधा निसटला होता. ट्रॅक्टरवाला टेकाडापलीकडे होता, त्याला दिसले नव्हते, आणि पंप इकडे आपला इमानाने ढकलतच होता. किती वेळ, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. काला उतारावरून खोलगट जागेत गेला होता. त्या खोलगट जागेत जमिनीतून एक नारिंगी नळी उभी होती.

ती नळी कसली, ते आमच्या तालुक्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारावल्या, तेव्हा निचऱ्यासाठी रानाखाली सच्छिद्र नळ घालू लागले. आयोवात तसेच नळ मैलोन् मैल रानाखालून गेलेले आहेत. त्यांच्याशिवाय तिथे मका होत नाही. वरचे पाणी चटकन उतरावे म्हणून खोलगट जागी अशी उभी नळी ठेवतात. पावसाचे पाणी त्यातून जाते तसे शेणही जाते. नळीला काय कळणार? ती सगळे नेऊन थेट ओढ्यात सोडते.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारबाबांच्या मुलाने त्या नळीभोवती माती लोटून तिचे तोंड बुजवले होते, आणि यंत्राने ओढ्यात खालच्या अंगाला मातीचा बांध घालणे चालू होते. म्हणजे घाण तिथेच अडवून परत उपसता येईल. पण बरीच पुढे गेली होती. सप्टेंबर अगदी कोरडा गेलेला, ओढ्याला पाणी बेताचे. ते तपकिरी काळे झाले होते आणि त्यावर फेस तरंगत होता. बांधाच्या खाली मासे वर आले होते. शेकडो मासे, बोटाएवढे, वीतभर, हातभर. सगळ्यांची तोंडे पाण्याच्या वर, उघडमीट चाललेली. काही काठाच्या चिखलात अंग टाकून पडले होते. आवाज अजिबात नव्हता. मासा ओरडत नाही, हे त्याचे मोठेच दुर्दैव म्हणायचे.

मी चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. पुढे काय चालले आहे ते मला काठावर उभे राहून दिसत होते. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, पण तो फारच थोडा. दहा अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यात ११ मिलिग्रॅम, आणि पंचवीस अंशांच्या पाण्यात जेमतेम ८. मासा जगतो तो एवढ्या शिल्लकेवर. त्यात शेण पडले की शेणावर जगणारे जंतू भराभर वाढतात आणि ते आधी हा प्राणवायू फस्त करतात. शहरातल्या गटाराच्या लिटरभर पाण्याला कुजण्यासाठी तीन-चारशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, तर गाईच्या शेणकाल्याला १० ते २० हजार! म्हणजे ढोबळ हिशेबाने एक लिटर काला हजार-दीड हजार लिटर ओढ्याचा श्वास काढून घेतो. ज्याला आपण पवित्र म्हणून अंगण सारवतो ते पाण्यात गेले की गटारापेक्षा तीस-चाळीस पटींनी जड पडते. आणि दूध? ते तर लाखाच्या वर जाते. नदीत दुधाचा अभिषेक करणाऱ्यांनी हा आकडा मनात ठेवायला हरकत नाही.

दुसरे मारेकरी म्हणजे अमोनिया. गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तोच. पाण्यात तो दोन रूपांनी राहतो, एक बरेचसे निरुपद्रवी आणि दुसरे जहाल. पाणी जितके उबदार आणि जितके अल्कधर्मी, तितके जहाल रूप अधिक. माशाच्या कल्ल्यांवर त्याचा घाव बसतो. म्हणून शेण सांडल्यावर पहिल्या तासाभरात मरतात ते बहुधा अमोनियाने, आणि रात्री, पहाटेच्या आधी मरतात ते गुदमरून.

म्हातारबाबा काठावर उभे राहून फोन करीत होते. मला वाटले, वकिलाला करीत असतील. नंतर मुलाने सांगितले, त्यांनी राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याला कळवले. आयोवात शेण सांडले तर लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत खात्याला कळवावे लागते, असा कायदा आहे. 'माझ्या गोठ्यातले शेण ओढ्यात गेले आहे, मासे मरताहेत, या,' असे सांगताना त्यांचा आवाज थरथरत होता. माणूस स्वतःविरुद्ध फिर्याद देतो आहे, हे दृश्य मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

आता मला थोडे मागे जायला हवे. त्या ओढ्यावर उभा असताना मी मनाने तिथे नव्हतोच.

१९८६ सालचा एप्रिल. आमच्या गावाचा ओढा पंचगंगेला मिळतो. उसाचा हंगाम संपत आला होता, नदी आटून डोहाडोहांत राहिली होती. एके दिवशी पहाटे ओढ्याला काळे, मळीच्या वासाचे पाणी आले आणि उजाडेपर्यंत डोहावर मासे पालथे झाले. मळीच्या पाण्याला प्राणवायूची भूक शेणकाल्याहूनही मोठी. पाणी कुठून आले ते सारे गाव जाणून होते आणि कुणी बोलत नव्हते. उलट पोरे बुट्ट्या घेऊन धावली. दोन दिवस गावात घरोघर कालवणाचा वास होता. आमच्या घरीही होता. लपवण्यात अर्थ नाही.

कालवण केले नाही ते एका घरी. भोयांचे तात्या डोहावर जाळे टाकून पोट भरीत. सकाळी त्यांनी मला डोहावर नेले आणि एक मरळ हातात धरून दाखवली. 'मास्तर, मरळसुदिक मेली बघा,' एवढेच म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ मला कळला होता. मरळ वर येऊन हवा पिते. पाण्यात प्राणवायू नसला तरी ती पुष्कळ वेळ तग धरते. ती मेली म्हणजे पाण्यात काही उरलेच नव्हते.

तात्यांना लिहितावाचता येत नव्हते. तरी कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन त्यांनी तो कोल्हापूरला पोचवला. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा देशात १९७४ साली झाला, आणि महाराष्ट्राचे मंडळ तर त्याच्याही आधी, १९७० मध्ये उभे राहिले. कागदावर काही कमी नव्हते. चौथ्या दिवशी एक साहेब बाटल्या घेऊन आले. तोवर वरून पाणी सुटून ओढा स्वच्छ झाला होता, मासे लोकांच्या पोटात गेले होते, उरलेले कुत्र्यांनी नेले होते. साहेब म्हणाले, मासे मेल्याचा निदान पंचनामा तरी करू. तलाठ्याने कागद काढला. एक पंच म्हणून तात्यांच्या मेहुण्याने अंगठा दिला. दुसरा शिकलेला हवा होता. तात्या शाळेत आले. वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, 'मास्तर, तुमी सवता बघितलंयसा. सही करा की.'

मी त्या वेळी आठवीला शिकवत होतो. विषय हवा होता की पाणी ते आता आठवत नाही. पण मी ज्या संस्थेचा नोकर होतो तिचे अध्यक्ष आणि कारखान्याचे अध्यक्ष एकच गृहस्थ होते, हे चांगले आठवते. शिवाय माझा दीड एकर ऊस अजून उभा होता, आणि तोड द्यायची की वाळवायचा ते त्यांच्याच माणसांच्या हातात होते. मी म्हणालो, 'तात्या, मला तास आहे.'

तास होता हे खरेच होते. तात्या थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. मेलेले मासे आढळले नाहीत, असा शेरा पडून ते प्रकरण मिटले. दोन वर्षांत तात्यांनी जाळे गुंडाळले आणि इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला लागले. पुढे असे प्रसंग पंचगंगेवर अनेकदा आले. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकलीच्या पुलापाशी कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, त्याचा फोटो पेपरात पाहिला आणि मी पान उलटले.

आयोवात दुसऱ्या दिवशी मी हट्टाने पुन्हा त्या ओढ्यावर गेलो. चिरंजीवांना वाटले, म्हाताऱ्याला चळ लागला. खात्याची माणसे आदल्या संध्याकाळीच येऊन पाणी तपासून गेली होती. त्या दिवशी मोजणीसाठी आली होती. त्यांच्यात मांडीपर्यंत रबरी बूट चढवलेली एक तरुण बाई होती. तिशीची असेल. तिने मला हात लावायचा नाही या अटीवर काठाकाठाने बरोबर येऊ दिले.

मोजणी म्हणजे खरोखरीची मोजणी. आधी ओढ्याच्या कडेने खाली चालत जायचे, जिवंत मासा दिसेपर्यंत. तिथे हद्द. मग त्या साऱ्या लांबीत ठराविक अंतरांवर टेपाने मोजून तुकडे आखायचे, आणि प्रत्येक तुकड्यातला प्रत्येक मेलेला मासा उचलायचा. जात कोणती, लांबी किती, ते एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. दगडाखाली हात घालून, मुळ्यांत अडकलेले, गवतात रुतलेले. तुकड्यांवरून मग साऱ्या ओढ्याचा हिशेब मांडायचा. मी वर्गात हजेरी घेत असे त्या सुरात ती बाई नावे सांगत होती. आपल्याकडे शिमग्याला बोंब मारणाऱ्या पोरांचीही कुणी इतक्या शिस्तीने गणती केली नसेल.

तिच्या हातातल्या एका पिटुकल्या माशाकडे बोट दाखवून मी विचारले, 'हा खातात का तुमच्याकडे?' ती म्हणाली, 'कुणी नाही.' 'मग कशाला मोजता?' ती जरा गोंधळली. प्रश्नच तिला कळला नसावा. म्हणाली, 'मेला आहे ना?' त्याचीसुद्धा किंमत ठरलेली आहे. अमेरिकन फिशरीज सोसायटी म्हणून १८७० साली स्थापन झालेली एक संस्था आहे. तिने जातवार आणि लांबीवार माशांच्या किमती काढून दिल्या आहेत. ट्राउटसारख्या मानाच्या माशाला अधिक, या बोटभर माशांना काही सेंट. ही बेरीज, वर मोजणीचा खर्च, असे बिल ज्याच्याकडून सांडले त्याला जाते. दंड वेगळा. म्हणजे दंड कायदा मोडल्याचा आणि हे बिल माशांचे. मासे राज्याच्या जनतेचे, म्हणून भरपाई जनतेला.

म्हातारबाबा पलीकडच्या काठाने चालत होते. कुणी त्यांना बोलावले नव्हते. एका ठिकाणी ते खाली वाकले, एका मुळाखालचा मासा त्यांनी काठीने दाखवला आणि म्हणाले, 'हा राहिला.' बाईने तो लिहून घेतला.

अमेरिका म्हणजे रामराज्य, असा ग्रह करून घेऊन मी परत आलो नाही. मुलाकडे असताना मी गावच्या वाचनालयात जाऊन थोडे वाचले. १९९५ च्या जूनमध्ये नॉर्थ कॅरोलिनात डुकरांच्या मैल्याच्या तलावाची भिंत फुटली आणि अडीच कोटी गॅलन, म्हणजे साडेनऊ कोटी लिटरच्या आसपास मैला न्यू नदीत गेला. त्यानंतर, १९९७ मध्ये, राज्याने असे नवे तलाव बांधायला बंदी केली. होते ते मात्र राहिले. २००५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यात लोव्हिल गावी गाईंच्या शेणाचा तलाव असाच फुटला, ३० लाख गॅलन काला ब्लॅक नदीत उतरला आणि पावणेचार लाखांच्या आसपास मासे मेले. म्हणजे साऱ्या देशाला हे ठाऊक आहे, आणि तरी आयोवाच्या खात्याला स्वतःच्या अधिकारात दंड करता येतो तो जास्तीत जास्त १० हजार डॉलर. त्याहून मोठा हवा तर प्रकरण राज्याच्या सरकारी वकिलाकडे पाठवायचे. मोठ्या धंद्याला दहा हजार म्हणजे नळाच्या दुरुस्तीएवढा खर्च. ते काही जण चक्क धंद्याच्या खर्चात धरतात, असे तिथलेच लोक मला सांगत होते.

आणि नळ फुटून गेलेल्या शेणाचा निदान पंचनामा होतो. पाऊस पडून हजार शेतांतून थोडे थोडे झिरपत जाते, त्याचा कुणी करीत नाही. पाण्याचा तिथला मोठा कायदा १९७२ चा; त्यातून शेतातले पावसाचे वाहते पाणी वगळलेले आहे. २०२५ च्या जूनमध्ये आयोवाच्या राजधानीच्या परिसरात नद्यांमधले नायट्रेट इतके चढले की लोकांना बागेतल्या हिरवळीला पाणी घालायची बंदी करावी लागली. चिरंजीवांनी फोनवर सांगितले. ओढ्यावरच्या बाईनेही एक गोष्ट कबूल केली होती. जे मोजले जातात ते तरंगलेले. बुडालेले, बगळ्यांनी नेलेले, अंड्यातच गेलेले, आणि माशांचे अन्न असलेले दगडाखालचे किडे, ते कुठल्याच रकान्यात येत नाहीत. सगळी मोजणी कमीच भरते.

तरी रकाना होता. माझ्या मनातून ते जाईना.

खात्याचा निकाल आम्ही परतल्यानंतर लागला. दंड किती, मासे किती, ते मी इथे लिहीत नाही. म्हातारबाबांचे नाव त्यावरून कुणी शोधून काढावे अशी माझी इच्छा नाही. त्यांनी पैसे भरले, पंपाला दाब उतरला की आपोआप बंद होण्याची कळ बसवून घेतली, आणि त्या नारिंगी नळीभोवती मातीचा कट्टा घातला, एवढे कळले.

गेल्या फेब्रुवारीत मी तात्यांकडे गेलो. एवढ्या वर्षांत गावात शेकडो वेळा तोंडावर तोंड पडले असेल. 'रामराम' पलीकडे बोलणे गेले नव्हते. आता ते गावातच मुलाकडे असतात. ऐंशी उलटली, डोळ्यांना कमी दिसते. अंगणात बाजेवर बसले होते.

'मास्तर व्हय? या, बसा. अमेरिकेला गेलतासा म्हनं.'

मी बसलो. आणि गाय, शेण, नळ, ओढा, रबरी बूट घातलेली बाई, सगळे सांगितले. तात्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. संपल्यावर विचारले, 'मरळीला काय भाव लावत्यात?'

'तिथे मरळ नसते, तात्या.'

'मग काय मोजत्यात?'

'बोटाएवढे मासे. कुणी खात नाही असे.'

ते जरा वेळ गप्प बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, 'आपल्या डव्हात मरळी एकवीस हुत्या. वरच्या अंगाला. खालच्या मी बगितल्या न्हाईत, पोरांनी न्हेल्या आदीच.'

'तुम्ही मोजल्या होत्या?'

'मग! पंचनाम्याला सांगाय नगं?'

मी खिसे चाचपले. पेन होते; कागद म्हणून विमानाच्या तिकिटाची छापील प्रत निघाली, मागच्या बाजूने कोरी. वर मी ओढ्याचे नाव लिहिले आणि साल घातले, १९८६. तात्या सांगू लागले. मरळी एकवीस. वाम किती, शिंगाळे किती. शिंगाळ्यांत हाताएवढे वेगळे, वितीएवढे वेगळे. झिंगे मोजले नव्हते, ते 'लई' असे लिहा म्हणाले. मी लिहिले. एका ठिकाणी अडखळले, बोटांवर पुन्हा मोजले, आणि आधीचा आकडा दोनाने कमी करायला लावला.

सूनबाई चहा घेऊन बाहेर आल्या. माझ्या गुडघ्यावरचा कागद पाहून त्यांनी विचारले, 'काय लिवून घ्याय लागलाय, मामंजी?'

'मी न्हवं,' तात्या म्हणाले, 'मास्तर लिवाय लागल्यात. माशे.'